जोडीतला बैल आणि नवे टेबल

आमच्या दवाखान्यात यंत्राने शस्त्रक्रिया सुरू झाली आणि मराठवाड्यात नवे युग उगवले, असे त्या दिवशी तीन भाषणांत सांगितले गेले. तिन्ही मी उभ्याने ऐकली, कारण खुर्च्या पाहुण्यांच्या होत्या.

दवाखाना जनावरांचा, परभणीतल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी चालवलेला. मी तिथे नवा अध्यापक. यंत्र म्हणजे विजेवर कलणारे लोखंडी टेबल. ते भिंतीसारखे उभे राही. जनावर त्याला टेकवून पट्ट्यांनी बांधायचे, बटण दाबले की दोन्ही आडवे. तोवर आम्ही बैलाला दोर टाकून जमिनीवर पाडायचो. ते आता मागासलेपण ठरले होते.

पहिला रोगी झरीच्या एका शेतकऱ्याचा बैल. डाव्या शिंगाला कर्करोग. शिंग काढले तर वाचणार होता. पेरणी तोंडावर आली होती आणि घरात जोडी ही एवढीच. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे उद्घाटनाचे पाहुणे दोनदा लांबले आणि त्यांच्याबरोबर शिंगही. दोर होते, हात होते, पण विभागप्रमुखांना पहिला बैल टेबलावरच हवा होता. एवढे वजन कशावर तोलते ते शेतकरी दर खेपेला वाकून टेबलाखाली पाहायचा. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. मीही पाहून घेतले होते.

दुसऱ्या खेपेला त्याने मला बाजूला घेतले.

"साहेब, खरं सांगा. तुमी माझा बैल बरा करायलात का त्याच्यावर शिकायलात?"

"दोन्ही, मामा."

"मग आधी बरा करा. शिकायचं मागून बघा."

तिसऱ्या खेपेला पाहुणे आले, भाषणे झाली, आणि बैल टेबलापाशी उभाच राहीना. प्रमुखांनी दोष औषधांच्या वासाला दिला, मग गर्दीला, मग बैलाला. शेतकरी म्हणाला, हा जोडीतला उजवा; डाव्या अंगाला जोडीदार नसला की बिथरतो. डावे शिंग वर यायचे तर टेबल उजवीकडूनच लागणार होते. डावीकडे नुसती मोकळी फरशी.

कुणाला न विचारता तो बाहेर गेला आणि लिंबाखाली बांधलेला जोडीदार घेऊन आला. दर खेपेला तो दोन्ही बैल का चालवत आणतो, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. जोडीदार शेजारी लागताच बैल निमूट उभा राहिला. पट्ट्या आवळल्या, बटण दाबले, टेबल कलले. शिंग निघेपर्यंत शेतकऱ्याने बटणावरची नजर काढली नाही, जोडीदाराने शेण टाकले आणि पाहुण्यांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

जखम भरली. पेरणी उशिरा, पण त्याच जोडीने झाली.

समारंभाचा फोटो प्रमुखांच्या खोलीत पुढे कित्येक वर्षे होता. खाली लिहिले होते, 'यंत्रावरील पहिल्या शस्त्रक्रियेचा रोगी'. फोटोत टेबल दिसत नाही. समोर जोडीदार उभा आहे, दोन्ही शिंगे शाबूत.