मैदानातला चमकता पुरावा

डिंडोलीत आमच्या सोसायटीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. बिल्डरने भिंत घातली, फाटक लावलं, पुढे काही बांधलंच नाही. कुत्री पाळणाऱ्या आम्हा पाच-सहा घरांनी त्याची परवानगी काढली आणि सकाळी तासभर तिथे कुत्री मोकळी सोडू लागलो. एका निवृत्त गुजराती मास्तरांनी भिंतीवर खडूने नियम लिहिले: फाटक लावल्यावरच पट्टा सोडा. खायचं आणू नका. कुत्र्यावर लक्ष ठेवा. घाण आपली आपण उचला.

मला त्या मास्तरांचा भारी राग यायचा. त्यांची कुत्री पांढरी, पिटुकली. आमचा तपकिरी, रस्त्यावरून उचलून आणलेला, दांडगट. सुटला की आधी पांढरीला दोनदा लोळवायचा. मी लांबूनच ओरडायचे, "खेळतोय हो तो!" आणि फोनवर नंदुरबारच्या बहिणीशी गप्पा चालू ठेवायचे. त्याने कोपऱ्यात बैठक मारली की मी आभाळाकडे बघायचे. घरून पिशवी न्यायचे, तशीच कोरी परत आणायचे.

एकदा सकाळी मास्तर फाटकाजवळ एका ढिगासमोर उभे होते. "बेन, आ कोनुं?"

"तुमच्याच पांढरीचं," मी पापणीही न लववता म्हणाले. "आत्ता बघितलं मी."

मास्तरांनी कुत्रीकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. "बेन, मेरी तो इतनी सी है."

"आकारावर काय असतं?"

बिचाऱ्यांनी खिशातून कागद काढला आणि दुखरा गुडघा धरून वाकू लागले. तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून ऊन आलं आणि ढीग चमकला. गुलाबी, सोनेरी, मधूनच हिरवा.

मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते. आदल्या दिवशी आमच्या चार पायांच्या चिरंजीवांनी गठ्ठ्यातली टिकल्यांची वीतभर लेस फस्त केली होती, हे मला तेव्हा आठवलं. माझ्याच व्यापाऱ्याकडून काम आणणारी शेजारीण पुढे आली, वाकून निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ही तर परवाच्या लॉटमधली टिकली. माझ्याकडे हिरवी आलीच नव्हती."

मास्तर सावकाश सरळ झाले. कागद माझ्या हातात दिला. "लो बेन, आपका माल."

सगळं मैदान हसलं. मी उचललं. कान तापले होते, तरी मलाही हसू फुटलं. पण त्यांचा तो गुडघा काही डोळ्यांपुढून जाईना.

नवरा पलसाण्याच्या डाईंग मिलमधून पाळी करून आला. माझं तोंड बघून म्हणाला, "काय व्हयनं?" सांगितलं तर खोखो हसला. मग एकदम कुत्र्याला उचलून डॉक्टरकडे घेऊन गेला. पोटाला काही झालं नव्हतं. लेस वर ठेवा, एवढंच डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना गाठलं. "मास्तर, चुकलं माझं. खोटं बोलले."

"मुझे नहीं, इसको बोलो," त्यांनी पांढरीकडे बोट केलं. मी उकिडवी बसून तिची माफी मागितली. ती शिंकली.

मग मास्तरांनीच मला शिकवलं. दांडगाई सुरू झाली की ओरडायचं नाही, जाऊन पट्टा लावायचा, तो निवेपर्यंत बाजूला बसवायचं, मग पुन्हा सोडायचं. आमच्याला कळायला महिना लागला. मला फोन खिशात ठेवायला त्याहून जास्त.

दिवाळीनंतर मास्तर लेकीकडे वडोदऱ्याला गेले, तेव्हा पांढरीला माझ्याकडे ठेवून गेले. सोबत तिचा डबा आणि दोन पानं भरून सूचना. मी एकूण एक पाळल्या. फक्त पलंगावर घ्यायचं नाही असं लिहिलं होतं, ते काही मला जमलं नाही.