हात थरथरला तरी

धडगावजवळच्या उपकेंद्रात मी कंत्राटी नर्स आहे. एका वर्षी कंत्राट संपत आलं, तरी पुढच्या ऑर्डरचा पत्ता नव्हता. फोन वाजला की छातीत धडधडायचं, तळहातांना घाम फुटायचा, घास घशाखाली उतरायचा नाही. मला वाटलं, हृदयाचंच काहीतरी बिघडलं. आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. पुढे काय होणार ते कळत नाही ना, म्हणून शरीर सारखं धोक्याच्या तयारीत राहतंय. मज्जासंस्था तिचं कामच करतेय."

आठवड्याने आम्हा कंत्राटी नर्सना नंदुरबारला जिल्हा आरोग्य कार्यालयात बोलावलं. साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. पुढची ऑर्डर हवी तर कायम नोकरीची मागणी कधीच करणार नाही, असं त्यावर लिहून द्यायचं होतं. मी पेन उचललं आणि हात थरथरायला लागला.

शेजारची मैत्रीण कुजबुजली, "तुन्हा हात कापी ऱ्हायना व माय!"

साहेब हसले. "घाबरता कशाला बाई? नुसती सही तर करायची आहे."

"हात कापतोय साहेब, खरं आहे," मी म्हणाले. "पण याच हातांनी घाटात, जीपमध्ये बाळंतपणं केलीत. सही मी करणार नाही."

माझा आवाजही कापत होता. तो मी लपवला नाही. मैत्रिणीने तिचा कागद परत केला, मग मागच्या दोघींनीही.

पुढे ती अट वगळूनच ऑर्डर आली, तीही फक्त अकरा महिन्यांची. धडधड अजून थांबलेली नाही. 'नाही' म्हणायला ती थांबायची वाट पाहत बसले असते, तर त्या दिवशी सही करून घरी आले असते.