अकरा सांगाडे

पानेमामांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांच्या खिशातून पाना डोकावतोय. खोटं वाटत असेल तर मामींना विचारा, त्या अजून त्यावरून टोमणे मारतात.

तीस वर्षं मामा एकाच कंपनीत फिटर होते. कंपनी तेलाच्या धंद्यातली, पण तेल तिचं नव्हे. विहीर दुसऱ्याची, तेलही दुसऱ्याचं. हिनं फक्त विहीर खणून द्यायची, आणि जुनी विहीर रुसली की तिची दुरुस्ती करून द्यायची. त्यासाठी मोठमोठ्या रिग, म्हणजे विहीर खणायचे यंत्रांसकटचे लोखंडी मनोरे, होत्या, आणि त्या रिगवरचा एकही पंप मामांच्या हाताखालून गेला नाही असं नव्हतं. मग तेलाचा भाव कोसळला. अशा वेळी विहिरीचा मालक सगळ्यात आधी खणणाऱ्यालाच घरी पाठवतो. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना मामांच्या हातात पाकीट पडलं. आत चार ओळी. "तीस वर्षांना चार ओळी!" एवढं म्हणायचे आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बुडू दे मेली, म्हणायचे. नुसतं म्हणायचे नाहीत, खरोखर वाट बघायचे.

आणि नेमका त्याच कंपनीचा शेअर घ्यायचा म्हणून बहिणीची मुलगी त्यांच्याकडे आली.

भाची नर्स होती. नऊ वर्षं जादा पाळ्या करून तिनं दोन खोल्यांच्या घरासाठी पैसे साठवले होते. घरांच्या किमती मात्र तिच्यापेक्षा जोरात धावत होत्या. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला.

"मामा, शेअरचा भाव निम्म्यावर आलाय. कर्ज बरंचसं फेडलंय, दोन वर्षांचं काम हातात आहे म्हणतात. चाळीस रिग आहेत. मला कागद वाचता येतो, पण रिग वाचता येत नाही. तू सांगशील तसं करीन."

"पैसे जड झाले असतील तर खड्ड्यात घाल."

"अहो, तिनं मत विचारलंय, शाप नाही मागितला," मामी म्हणाल्या.

मामा उठले ते थेट कंपनीच्या यार्डावर गेले. तिथं एक रीत होती. काम नसलं की रिग यार्डात उभी राहते, आणि चालू रिगचा एखादा भाग मोडला की या उभ्या रिगचा काढून तिकडे लावतात. काय काढलं त्याची लाल रंगानं लोखंडावरच खूण करायची, ही पद्धत मामांनीच घालून दिलेली. अहवालात रिग चाळीसच राहते; यार्डात मात्र तिचा सांगाडा झालेला असतो. मामांनी रस्त्यापलीकडे उभं राहून लाल खुणांच्या रिग मोजल्या. अकरा!

घरी आले ते लॉटरी लागल्यासारखे. "चाळिसातले अकरा सांगाडे! डोळे झाकून नाही म्हण."

भाचीनं अहवाल मिटला. तिचा चेहरा पडला होता. मग तिनं विचारलं, "खुणा कधीच्या होत्या, मामा?"

"कधीच्या म्हणजे?"

"आमच्याकडे तक्त्यावर ताप लिहिलेला असतो. पण तो कालचाही असू शकतो. आज काय आहे ते कपाळाला हात लावूनच कळतं."

"आता तू मला शिकव!" मामा कडाडले. पण जेवण काही गेलं नाही. रस्ता ओलांडायला दहा पावलं पुरली असती आणि ती दहा पावलं आपण टाकली नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंपणाला नाक लावून उभे होते. लाल खुणा अकराही रिगवर होत्या. पण सात रिगवर त्या खुणांवरून पांढरी रेघ मारलेली होती. पांढरी रेघ म्हणजे भाग परत बसवला. आठव्या रिगवर दोघंजण पंप बसवत होते.

"मास्तर!" त्यांच्याच हाताखाली शिकलेली वेल्डर धावत आली. "आत या ना!"

"इथंच बरा आहे. भाग नवे घेताय, की एकीचे काढून दुसरीला?"

"नवे. ती खोकी बघा की. जुन्या विहिरींच्या दुरुस्तीचं काम आलंय."

"दाबाखाली चाचणी घेता? की रंग मारला आणि झालं?"

"तुम्ही शिकवलंत, आणि आम्ही चाचणी घेणार नाही?" ती हसली. "शेवटच्या तिघींत मात्र काही राम नाही, त्या भंगारातच जाणार. आणि कामावरून छाटलेल्यांतले नऊजण परत आलेत. तुम्हालाही बोलवायला दोनदा फोन केला होता, उचलला नाहीत तुम्ही."

नव्हताच उचलला. नंबर ओळखून मुद्दाम वाजू दिला होता.

परत येताना बसमध्ये मामांच्या मनात पाप आलं. गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे? पोरगी आपल्याच शब्दावर थांबली आहे. कंपनीला एक गिऱ्हाईक कमी, तेवढंच समाधान. पण पोरीची नऊ वर्षं आपल्या रागाच्या भरवशावर टांगायची? स्वतःचीच शरम वाटली त्यांना.

भाची पाळीवरून थेट मामांच्या घरीच आली होती. चप्पलही न काढता मामांनी सांगून टाकलं. "मी काल खोटं बोललो नाही, पण अर्धंच पाहिलं. अर्धंच पाहायचं होतं मला. अकरा नाहीत, तीनच गेल्यात. बाकीच्या उभ्या राहताहेत, आणि काम चोख चाललंय."

"मग घेऊ?"

"घे. पण सगळे घालू नकोस, चौथा हिस्सा घाल. तेलाचा भाव पुन्हा पडला तर पहिला दणका यांनाच बसतो, हे मी अंगावर घेतलंय. बाकीचे घरासाठी राहू देत."

"मामा, ते तुझ्याशी इतकं वाईट वागले, तरी चांगलं म्हणतोस?"

मामा खुर्चीवर टेकले. "कंपनी माझ्याशी वाईट वागली. पण कंपनी वाईट नाही. या दोन गोष्टी दोन वर्षं मला वेगळ्या करता आल्या नाहीत बघ."

"आता आल्या?"

"आजच्यापुरत्या आल्या," मामा म्हणाले. "उद्याचं उद्या बघू. आधी यार्डातल्या त्या वेल्डर पोरीला फोन लावून दे, कामावर बोलवत होती मला; माझ्यानं नंबर फिरवला जात नाहीये."