तिचं सांग

छत्तीसगढचं नवं राज्य झालं त्या दिवशी शाळेला सुटी होती. मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या दीदींनी सराव ठेवला होता. मुली आल्या, खेळल्या आणि नंतर मैदानाच्या पायऱ्यांवर बसल्या. दीदी म्हणाल्या, "आता राज्याच्या संघाची निवड इथंच होणार. रायपुरात."

पायऱ्यांवरची एक रीत आधी सांगायला हवी. सराव असो की सामना, शेवटी दीदी भिजवलेल्या चण्यांचा डबा उघडायच्या, गूळ फोडायच्या आणि एकेकीला विचारायच्या, आज काय झालं? मुलीने "मैंने आज" एवढं म्हटलं की डब्यावर झाकण पडायचं.

"आपलं नको सांगू वं. तिचं सांग."

म्हणजे दुसऱ्या कुणी काय केलं ते सांगायचं. कोणी चांगला पास दिला, कोणी पळत मागे येऊन बास्केट वाचवली, कोणी पडलेलीला हात दिला. जिला दुसरीचं काही आठवायचं नाही तिला चणे सगळ्यांत शेवटी, आणि तोवर डब्याच्या बुडाशी गुळाचं पाणीच उरलेलं असायचं. नव्या मुली सुरुवातीला तोंड पाडून घरी जायच्या. मग चण्यांसाठी का होईना, खेळताना इकडेतिकडे बघायला लागायच्या.

शंकर नगरातल्या त्या शाळेत मी ग्रंथपाल होते. माझी खोली मैदानाला लागून. दारावर 'शांतता राखा' अशी पाटी आणि खिडकीबाहेर दीदींचा आवाज, "मुकी झाली का वं? मागून कोण येऊन राहिलं ते सांग तिले." एकदा मी तक्रार करायला गेले. मला भांडता येत नाही, त्यामुळे बोलायची वाक्यं मनात जुळवून गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे चूप राहिलं तं अभ्यास होते. इथं चूप राहिलं तं पोट्टी एकटी पडते." दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या हाती माझ्या टेबलावर वाटीभर चणे आले. मी टेबल खिडकीजवळ सरकवलं. पुढे कितीतरी वर्षं ते तिथेच राहिलं.

दीदी काही त्या शाळेच्या शिक्षिका नव्हत्या. दिवसभर सरकारी कचेरीत काम करायच्या आणि संध्याकाळी मैदानावर यायच्या. वडील रेल्वेत होते, मूळचे गोंदियाकडचे. बांधा ठेंगणा, खांदे रुंद, पायात पांढरे कापडी बूट. मराठी वऱ्हाडी वळणाची, पण होकार द्यायचा तर छत्तीसगढी 'हव'. तुम्ही कधी त्यांच्या शेजारी उभं राहून सामना पाहिला असता तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असती. चेंडू बास्केटमध्ये जाताना सगळं मैदान चेंडूकडे बघत असे आणि दीदी भलतीकडेच. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बॉल तं सगळेच पाहतात."

बुद्धपौर्णिमेला त्या माझ्याकडे खीर घेऊन यायच्या. अशाच एका दुपारी मी विचारलं, तुम्ही स्वतः कशा खेळायच्या? त्या हसल्या. "मी कुठं खेळत होते? मी तं उभी राहत होते."

मग त्यांनी मला आडोसा म्हणजे काय ते समजावलं. आपली मैत्रीण चेंडू घेऊन निघाली की तिच्या मागे लागलेल्या मुलीच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. पाय हलवायचा नाही, हलवला तर चूक आपली. मागे लागलेली मुलगी येऊन आपल्यावर आदळते, आपल्याला लागतं, आणि मैत्रीण मोकळी होते. बास्केट तिच्या नावावर लागते. दीदी सगळी उमेदीची वर्षं हे करत आल्या होत्या. तेव्हा राज्य मोठं होतं, निवड दूर व्हायची, आणि इतक्या दुरून माणसाला बास्केटच दिसतात. त्यांचं नाव कधी लागलं नाही. हे सांगताना त्यांनी खिरीची वाटी दुसऱ्यांदा भरून घेतली.

आता निवड रायपुरात होणार होती. जिल्ह्याजिल्ह्यांचे संघ येणार, त्यांतून राज्याचा पहिला संघ निघणार. आमच्या जिल्ह्याचा संघ दीदींकडे आला. मुलींच्या संघाला प्रशिक्षकाखेरीज एक बाई व्यवस्थापक लागते, म्हणून त्यांनी परस्पर माझं नाव देऊन टाकलं. मला खेळातलं काही कळत नाही, असं मी म्हणाले. "म्हणूनच," दीदी म्हणाल्या, "तुम्ही मधात बोलणार नाही."

संघात सरिता होती. अभनपूरची, उंच, सडपातळ, हातात चेंडू आला की बघत राहावं अशी. छोट्या गाडीने, म्हणजे अरुंद रुळांवरच्या रेल्वेने, रोज यायची. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की यंदा राज्याच्या संघात नाव आलं तर खेळ, नाही तर पुरे. दुसरी रंजना. रेल्वे क्वार्टरमधली, आमच्यातलीच मराठी मुलगी, पण मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी. रंजना आडोसा द्यायची.

सरिताचे वडील पहिल्याच सामन्याला आले आणि मध्यंतरात दीदींना गाठून म्हणाले, "मैडम, गेंद हाथ में आती है और ये दूसरे को दे देती है. इसको खुद डालने बोलो न."

दीदींनी विचारलं, दुकानात तुम्ही एकटेच बसता का? ते म्हणाले, नाही, घरची मंडळी तोलायला असतात, भाऊ माल आणतो. दीदी म्हणाल्या, "तो फिर?"

"वो दुकान है मैडम. ये खेल है."

आजूबाजूचे हसले. दीदीही हसल्या.

अंतिम सामना भिलाईशी होता. त्या मुली लहानपणापासून खेळणाऱ्या, उंच आणि तयारीच्या. त्यांनी सरितावर दोघी ठेवल्या. वडील कुंपणाशी उभे होते. सरिता दोघींच्या मधून एकटीच घुसायला गेली आणि चेंडू हिसकावला गेला. पुन्हा गेली, पुन्हा तेच. आम्ही मागे पडलो. दीदींनी खेळ थांबवून मुलींना जवळ बोलावलं. मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी सरिताला एवढंच विचारलं, "तेरे पास दो खड़ी हैं. तो वहाँ अकेली कौन है?"

सरिता घाम पुसत बाकीच्या मुलींकडे बघत राहिली. खेळ सुरू होईपर्यंत बघत राहिली.

त्यानंतर चेंडू फिरायला लागला. सरिताकडे यायचा आणि दोघी तिच्यावर झेपावल्या की जी मोकळी असेल तिच्याकडे जायचा. रंजना वाटा अडवत होती. दोनदा ती चांगलीच आपटली, उठून गुडघे झटकले आणि पुन्हा जाऊन उभी राहिली. अगदी शेवटी सरिता बास्केटखाली होती, चेंडू तिच्या हातात होता, आणि तिने तो कोपऱ्यातल्या सगळ्यांत बुटक्या मुलीला दिला. ती बास्केट पडली. आम्ही जिंकलो. मी व्यवस्थापक होते, पण माझ्या हातातली पाण्याची बाटली कुठे गेली ते मला नंतरही सापडलं नाही.

मग निवड समितीतले एक गृहस्थ दीदींकडे आले. माणूस सभ्य होता. म्हणाले, अकरा नावं झाली आहेत, एक जागा आहे. ती तुमच्या संघाला द्यायची आमची इच्छा आहे. पण तुमच्यात कोण मोठी खेळाडू ते आम्हाला ठरवता येत नाही, बहुतेकींच्या थोड्याथोड्या बास्केट आहेत. तुम्ही एक नाव सांगा.

पुढे दीदींनी मला सांगितलं की सरिताचं नाव ओठावर आलं होतं, कारण गरज तिला होती. "अन् रंजनाचं घेतलं असतं तं ताई, मी माहंच नाव घेतल्यासारखं झालं असतं." शेवटी त्या गृहस्थांना म्हणाल्या, साहेब, पाच मिनिटं बसा, चणे खा.

ते पायऱ्यांवर बसले. डबा उघडला. कोण पाहुणा आहे आणि कशासाठी आला आहे, हे सगळ्या मुलींना माहीत होतं. बुटकीने सरिताच्या शेवटच्या पासचं सांगितलं. रंजनानेही सरिताचंच सांगितलं. मग सरिताची पाळी आली. तिने एकदा कुंपणाकडे, वडिलांकडे पाहिलं.

"रंजना का बताती हूँ," ती म्हणाली. "वो गिरती थी, तब मैं छूटती थी. मेरे जितने बास्केट हैं, सब में वो है."

गृहस्थांनी रंजनाला विचारलं, तू स्वतः किती बास्केट केल्या?

"एक भी नहीं, सर."

दीदींचा हात सवयीने झाकणाकडे गेला, कारण मुलगी स्वतःचं सांगत होती. मग तो तसाच थांबला.

गृहस्थ थोडा वेळ चणे खात राहिले. म्हणाले, बास्केट करणाऱ्या अकरा जणी आमच्याकडे आहेत. उभी राहणारी एकही नाही. आणि त्यांनी रंजनाचं नाव घेतलं.

सरिताने रंजनाला मिठी मारली, तेव्हा ती खरोखर हसत होती. वडिलांनी तिची पिशवी उचलली आणि ते चालू लागले. दुसऱ्या दिवशी सरिता सरावाला आली नाही. त्या आठवड्यात आलीच नाही.

दीदी माझ्या खोलीत येऊन बसायच्या आणि पुस्तकांच्या पाठींकडे बघत राहायच्या. "ताई, मी फसवलं का वं पोट्टीले? खरं बोलायले मी शिकवलं, अन् पावती तिच्या नावावर फाटली."

उत्तर पुस्तकांत असेल असं वाटून मी शोधलंही नाही. रविवारी आम्ही दोघी छोट्या गाडीने अभनपूरला गेलो.

वडील दुकानात डाळ तोलत होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पण तोलणं थांबवलं नाही. दीदींनी वाद घातला नाही. म्हणाल्या, त्या साहेबांना पायऱ्यांवर मीच बसवलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा.

"आपसे गुस्सा नहीं है, मैडम," ते म्हणाले. "मेरी लड़की ने सबके सामने अपना नाम खुद काटा. ऐसी भोली को मैं बाहर कैसे भेजूँ?"

माझ्या लक्षात आलं की या माणसाला राग नाही, भीती वाटते आहे. दीदींच्याही लक्षात आलं असावं. त्या काही बोलायच्या आत आतल्या दारातून सरिताचा आवाज आला.

"मैं लबारी मारतेंव का, ददा?"

खोटं बोलायला हवं होतं का, असं ती विचारत होती. अगदी साध्या आवाजात, जणू तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. समोरचं गिऱ्हाईकही डाळीची पिशवी धरून थांबलं. वडिलांनी तराजू खाली ठेवला. पोरीकडे पाहिलं, मग दीदींकडे.

"चहा पी के जाहू," ते म्हणाले.

आम्ही चहा घेतला. खेळाविषयी कुणीही अवाक्षर काढलं नाही. डाळीच्या भावाच्या गोष्टी झाल्या, पावसाच्या झाल्या. परतीच्या वाटेवर एका स्टेशनावर दीदींनी भजी घेतली आणि जवळजवळ सगळी एकट्यांनी खाल्ली. आठवडाभर त्या धड जेवल्या नव्हत्या.

सोमवारी सरिता मैदानावर होती.

पुढच्या वर्षी राज्याच्या संघात दोघींचीही नावं आली. तो संघही दीदींकडे आला, आणि राष्ट्रीय स्पर्धेला व्यवस्थापक म्हणून मीही गेले. मधात न बोलण्याचा माझा लौकिक झाला होता. आम्ही उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. पदक मिळालं नाही. तिथल्या एका सामन्यात समोरच्या बलाढ्य संघाचे प्रशिक्षक बाकावरून उठले आणि आपल्या मुलींना ओरडून सांगू लागले की त्या उंच मुलीला सोडा, आधी त्या उभ्या राहणारीला बाजूला करा. ते रंजनाकडे बोट दाखवत होते. दीदींनी मला कोपराने ढोसलं.

"पाह्यलं ताई? आता त्यायलेही दिसली."

त्या दिवशी आम्ही जिंकलो. पण दीदींच्या चेहऱ्यावरचं समाधान जिंकण्याच्या आधीच आलेलं होतं. मी शेजारीच होते, मला माहीत आहे.

काही वर्षांनी दीदी आजारी पडल्या, पण फार दिवस नाही. दवाखान्यात भेटायला गेलं की स्वतःच्या तब्येतीचं विचारू द्यायच्या नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी आज किती पोळ्या खाल्ल्या ते सांगायच्या. मग एका सकाळी त्यांच्या भावाचा फोन आला.

मी आता निवृत्त आहे. सरिता रेल्वेत आहे, रंजना एका शाळेत खेळ शिकवते. दोघी एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एका भिंतीच्या अंतरावर राहतात. महिन्यातून एखाद्या रविवारी माझ्याकडे जेवायला येतात. मी मराठीत बोलते, त्या हिंदीत उत्तर देतात. कशी आहेस असं विचारलं की सरिता रंजनाचं सांगते, रंजना सरिताचं.