मेल्यावर लावलेली नळी

डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच सांगितलं, "तिथंच थांबा. जवळ आणू नका त्याला."

मी दारातच थांबले. कडेवर माझा नितेश. शाळेत जायच्या वयाचा, पण इतका हलका की कडेवर पोर आहे असं वाटायचंच नाही. खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या त्याच्या. डॉक्टरांच्या गळ्यात छाती तपासायची नळी होती. तिला त्यांनी हातही लावला नाही.

"बाई, याला एड्स आहे. या मुलांचं काही होत नसतं. घरी न्या."

रोह्याकडच्या एका सरकारी दवाखान्यातली ही गोष्ट. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा, तो आदल्या वर्षी याच आजाराने गेला. मग माझं आणि दोन्ही पोरांचं रक्त तपासलं, तिघांच्यातही तोच निघाला. तेव्हापासून आम्हाला नाव उरलं नाही. आम्ही म्हणजे नुसता तो आजार.

बाहेर आल्यावर नितेशने विचारलं, "आये, मना नळी का नाय लावली?"

"उद्या लावतील. चल."

रोज गेले, रोज दारातून परत. मग एका दुपारी त्याचा श्वास अडकला, तेव्हा कोपऱ्यातली खाट दिली. तिथंच तो गेला. नळी तेव्हा लावली. मेलाय का ते बघायला.

दीर कोरं कापड घेऊन आला. लहान पोरांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. लोकांना कळायच्या आत त्याला सगळं उरकायचं होतं. "वयनी, चला आता. बोभाटा नको."

मी उठले नाही. म्हटलं, "याला चिरा. कशानं गेला ते बघा."

वॉर्डबॉय हसला. "लोक आमच्या पाया पडतात, फाडू नका म्हणून. तुजं डोकं फिरलं काय गो?"

डॉक्टर म्हणाले, "कशाला? कारण माहीत आहे."

"तुमाला माहीत हाय. मना नाय. घरी पोरगी हाय. तिला पण असाच खोकला लागलाय."

दीर हात उगारून आला. आई आहेस की कसाई, म्हणाला. माझ्याच पोटचा गोळा तो. त्याच्या अंगावर सुरी चालणार, हे मलाही सोसवत नव्हतं. पण पोरगी डोळ्यांसमोरून हलेना. मी पोलिसात गेले, पोराला न तपासताच मारलं अशी तक्रार आहे म्हणाले. हवालदार कुरकुरत आला. मग डॉक्टरांचा नाइलाज झाला.

जी छाती ऐकायला हात विटाळत होते, ती त्याच डॉक्टरांना उघडावी लागली.

बाहेर आले तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. "दोन्ही फुफ्फुसं टीबीने भरली होती."

"टीबीला औषध हाय ना?"

"आहे."

"तुमच्याकडं?"

"आहे."

बस्स. एड्सवर आमच्यासारख्यांसाठी तेव्हा औषध नव्हतं, हे मलाही कळत होतं. नितेश वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण जे औषध कपाटात होतं, ते त्याच्या तोंडापर्यंत आलं नाही. आजाराचं नाव ऐकूनच त्याला मेल्यात जमा केला होता. तोवर मला लाज वाटायची, मान खाली घालून दारात उभी राहायचे. त्या दिवशी लाज गेली. डोक्यात नुसता जाळ राहिला.

नितेशला पुरलं आणि पोरीला घेऊन माहेरी, पेणजवळ जोह्याला आले. दुसऱ्याच सकाळी पेणला, दवाखान्यात. डॉक्टर वेगळे. रक्ताचा कागद बघितल्यावर वाक्य तेच. "तिथंच थांबा."

मी थांबले नाही. पोरीला स्टुलावर बसवलं, फ्रॉकची बटणं सोडली. "आधी नळी लावा. मग काय सांगायचं ते सांगा."

"बाई, बाहेर व्हा. मागे रांग आहे."

"असू दे. माझ्या पोराला मेल्यावर नळी लावली. हिला जिती असताना लावा."

आणि दारातच फतकल मारली. मागची माणसं ओरडत होती, शिपाई दंडाला धरून ओढत होता. ओढू दे. शेवटी डॉक्टरांनी नळी कानात घातली.

पोरीचं टीबीचं औषध सुरू झालं. ती किती जगेल, मला माहीत नाही. आता कुणाचं पोर दारातून परत पाठवलं की बाया मला बोलवायला येतात. मी जाते आणि दारात बसते. नळी लागल्याशिवाय उठत नाही. उठणार नाही.