इच्छापूरला न्यायची पिशवी

रविवार, पौष वद्य तृतीया. हजर : मी, माझा धाकटा भाऊ प्रल्हाद, त्याची बायको शोभा आणि त्यांची थोरली मुलगी वैजू. बुऱ्हाणपुरातलं माझं घर, दुपारचं जेवण. माझं आयुष्य शाळेच्या ऑफिसात गेलं. कोण आलं, काय ठरलं, हे वहीत लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशीच्या कामांत एक जुनंच काम होतं : 'इच्छापूर, वैजूचे केस.' मी विचारलं, "प्रल्हाद, या वर्षी तरी?" तो ताक पिता पिता हसला. "होळीनंतर पाहू, जिजी." गुरुवारी सकाळी निंबोल्याहून, त्याच्या गावाहून, फोन आला. प्रल्हाद केळीच्या बागेत ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायला वाकला, तो उठलाच नाही.

इच्छापूरचं ते काम वहीत आलं तेव्हा वैजू सात वर्षांची होती. ताप जाईना, अंगावर निळे डाग उठायला लागले... रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईला न्यायचं ठरलं त्या दिवशी प्रल्हाद एकटाच इच्छापूरला गेला, पायऱ्या चढला आणि देवीला बोलून आला की पोरगी बरी झाली तर तिचे केस तुला वाहीन. वैजूची वेणी कमरेपर्यंत होती. औषधांनी आधी केसच जातात, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

शोभाच्या मांडीवर तेव्हा तीन महिन्यांचं बाळ, म्हणून हॉस्पिटलात प्रल्हाद राहिला. मुलांच्या वॉर्डात एका मुलाजवळ एकच माणूस, आणि बाकी सगळ्या आयाच. पहिले काही दिवस तो संकोचून स्टुलाच्या कडेवर बसायचा. मग त्याला काम सापडलं. निंबोल्यात ठिबक पहिल्यांदा बसवणाऱ्यांपैकी तो, त्यामुळे सलाइनचा थेंब जरा अडला की त्याला लगेच कळायचं. "सिस्टर, इकडची लाइन चोक झाली." सिस्टर वैतागायची, "अहो काका, ही केळी नाही!" "केळीहून नाजूक आहे, म्हणून तर पाहत बसतो," हा म्हणायचा. पुढेपुढे आंघोळीला जाणाऱ्या बायका सांगून जायला लागल्या, "भाऊ, माझ्या पोराचंही पाणी बघा हां." चार-चार बाटल्यांकडे मान वर करून बसलेला माझा भाऊ... अजून मला तो तसाच दिसतो.

घरची आघाडी माझ्याकडे होती. बागेवरचे मजूर, कापणी, बाळाचे डोस, दर आठवड्याला मुंबईला जाणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवायचा डबा आणि धुतलेले कपडे. दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस त्याला आराम द्यायला गेले. पहिल्याच सकाळी तो चहा आणायला गेला आणि मी कंबर कसली. चादर बदलली, उशी झटकली, उशीवरचे केस गोळा करून कचऱ्यात टाकले. सफाईवाली बाई डबा घेऊनही गेली. प्रल्हाद आला, उशीकडे पाहत उभा राहिला.

"जिजी, इथले केस?"

"टाकले. सगळीकडे झाले होते."

त्याने गादीखालून एक पिशवी काढली. टॉवेलच्या तुकड्याची, त्यानेच शिवलेली, शिवण वाकडी. रोज सकाळी उशीवरचे केस वेचून तो तिच्यात ठेवत होता. "देवीचे होते गं ते," एवढंच म्हणाला आणि सफाईवालीच्या मागे खाली गेला. बऱ्याच वेळाने रिकाम्या, धुतलेल्या हातांनी परत आला. तोवर वैजू मला म्हणाली होती, "आत्या, तू लई साफसफाई करते." माझं तोंड पाहून प्रल्हादच हसला. "जाऊ दे ना जिजी. देवी काय कंगवा घेऊन तपासणार आहे?" शेजारच्या खाटेवरची बाई खळखळून हसली. मला हसू आलं नाही. पुढचे सात दिवस सकाळी तो वॉर्डात यायच्या आत केस मी वेचले.

वैजू बरी झाली. केस पुन्हा आले, या वेळी कुरळे. काही वर्षांनी डॉक्टरांनी आता येऊ नका म्हणून सांगितलं. आज ती निंबोल्याच्या शाळेत शिकवते. मात्र पिशवी प्रल्हादच्या कपाटातच राहिली. दर वर्षी नव्या वहीत मी ते काम उतरवून घ्यायची आणि दर वर्षी तो टाळायचा. कधी कापणी, कधी लग्नसराई, कधी नुसतंच 'पाहू'. मी त्याला आळशी म्हणायची. मनात मात्र वेगळंच होतं. त्या पिशवीत एका सकाळचे केस नाहीत, आणि ते माझ्यामुळे... अर्धवट नवस घेऊन देवीपुढे कसं उभं राहायचं, म्हणून हा जात नसेल.

पौषातल्या त्या रविवारी जेवणानंतर अंगणात त्याच्या हातावर पाणी घालताना मी शेवटी विचारलं, "मी टाकलेल्या केसांमुळे जात नाहीस का रे?"

त्याने ओले हात झटकले. "तू इतकी वर्षं हे घेऊन बसलीस? अगं, नवस फेडला की देवी मोकळी झाली. काही राहिलंय म्हटल्यावर ती वाट पाहील, आपली पोर तिच्या ध्यानात राहील. तू नाही का पाहत वाट, त्या वहीत?"

तेराव्यानंतर वैजूने पिशवी माझ्यापुढे ठेवली. "आत्या, तुझ्याच यादीत आहे ना? चल म्हणशील तेव्हा येते." पिशवीचं वजन असं काही नाहीच. कापराचा वास येतो. मी वहीत मंगळवार लिहिला, खोडला. मग शुक्रवार लिहिला, तोही खोडला.

होळी होऊन आज अकरा दिवस झाले. इच्छापूरची बस घरासमोरूनच जाते. सकाळी वैजूचा फोन आला, कधी जायचं विचारत होती. मी म्हणाले, "पाहू."

वहीत त्या कामापुढची जागा रिकामी आहे.