डावीकडची सीट

गाडी बघायला म्हणून आम्ही तिघं जीपनं नंदुरबारला गेलो आणि परत येताना एस.टी.नं आलो. मध्ये जे घडलं ते अजूनही माझ्या गळी उतरत नाही.

जीप अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अक्कलकुव्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे, पण खरा धंदा डोंगरातल्या आठवडे बाजारांत. पातेली, हंडे, ताटल्या मागे भरायच्या आणि मोलगी, धडगाव करत घाट चढायचा. चालवणार अण्णा, शेजारी माय. होळीच्या आधी काठी गावाकडची माणसं त्यांची वाट बघतात. लग्नानंतर मी त्याच गावात राहिले, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे माझी दोन्ही पोरंही त्याच जीपमध्ये वाढली.

पण जीप आता संपली होती. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले चाचा तिला वर्षानुवर्षं जोडून देत आले. यंदा त्यांनी खाली वाकून बघितलं आणि हातातली बत्ती विझवली. "अण्णा, पतरा बचाही नहीं, वेल्डिंग किसको मारूं?" अण्णा दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग म्हणाले, घेऊ नवी. माझी शेवटची. हात चालतात तोवर मी बाजार सोडणार नाही.

गाडी निवडायचं काम मी अंगावर घेतलं. माझं एकच म्हणणं होतं: मायला आता मागे आरामात बसता आलं पाहिजे. तिची कंबर गेलेली. पुढच्या सीटवर ती कधी टेकून बसतच नाही, डॅशबोर्डाला हात लावून पुढे वाकलेली असते आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "डावीकडे गाय शे. मोटारसायकल उनी. खड्डा, खड्डा! पोरगं पळी ऱ्हायनं, दखा." आम्ही तिला कंडक्टर म्हणायचो. माझ्या पोरांनी तर तिची नक्कल बसवली होती. अण्णा मात्र कधी चिडायचे नाहीत. मला वाटायचं, काय सहनशील माणूस आहे! दुसरा असता तर वाटेत उतरवून दिलं असतं.

नंदुरबारला आम्ही एकामागून एक तीन दुकानांत गाड्या पाहिल्या. अण्णांना सगळ्याच पसंत. नाकं मुरडत होती ती माय. प्रत्येक गाडीत ती आधी पुढे डावीकडे जाऊन बसायची आणि काचेतून खाली बघायची. एकीचं बोनेट उंच. "आठून रस्ता दिसत नही." दुसरीच्या काचेच्या कडेचा खांब जाड. तिसरीच्या दोन सीटांमध्ये मोठा खोका, त्यावर तिनं हात आपटला. "हाई भिंत कसाले?" तिथला विक्रेता हसत म्हणाला, "मावशी, गाडी तुम्ही चालवणार आहात का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई कधी सायकलवर बसली नाही आणि गाडीत खोट काढतेय! मी तिला तिथंच झापलं. अण्णा खाली मान घालून सीटचं कापड चाचपत राहिले.

तिसरी गाडी मला आवडली होती. मागची सीट ऐसपैस, मागे वेगळा एसी. मी म्हटलं, अण्णा, एक चक्कर मारा. विक्रेता पुढे बसला, आणि माय पुढचं दार धरून उभी असताना मी तिला दंडाला धरून मागे माझ्याजवळ ओढलं. गार वारा तिच्या तोंडावर सोडला. "बस राणीसारखी," म्हटलं.

राणी कुठली! गाडी रस्त्याला लागली नाही तोच ती दोन सीटांच्या मधून डोकं घालून सुरू झाली. विक्रेता अवघडला. माझं टाळकं सरकलं. "माय, आज एक दिवस तोंड बंद ठेव. तुला माझी शपथ आहे."

शपथ म्हटल्यावर ती गप्प झाली. आमच्याकडे पोटच्या पोरीची शपथ मोडत नाहीत. तिनं पदर तोंडात कोंबला आणि माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. मी तिच्याकडे बघून हसले. खरंच हसले मी.

पुढे डावीकडे वळायचं होतं. वळणावर सीताफळांची लोटगाडी उभी होती, तिच्यामागे एक बाई. भर दुपार, लख्ख ऊन, रस्ता मोकळा. अण्णांनी सावकाश, सिग्नल देऊन, अगदी शिस्तीत गाडी त्या लोटगाडीवर घातली.

विक्रेत्यानं हँडब्रेक ओढला. गाडीचा आरसा फुटला, लोटगाडी कलंडली, सीताफळं रस्ताभर. बाई मागे उडी मारून वाचली, खरचटलंसुद्धा नाही. पण मी हादरले ते पुढच्या गोष्टीनं. अण्णा विचारत होते, "काय झायं? कोठे शे?" लोटगाडी त्यांच्या डाव्या खिडकीला टेकली होती. बाई तिथंच उभी राहून त्यांचा उद्धार करत होती. आणि अण्णा पुढे बघत होते, उजवीकडे बघत होते, मग अख्खी मान फिरवून डावीकडे बघितलं तेव्हा कुठे दचकले.

माय खाली उतरली होती. त्या बाईची माफी मागत ती सीताफळं वेचत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, अण्णांना काय झालंय?

"त्यास्ले डावा डोयानी काहीच दिसत नही," ती म्हणाली. "सहा वरीस व्हई ग्यात."

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर येत नाही. ते दोघांनी आपसात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मोलगीच्या बाजाराला गेले.

सहा वर्षं! अगं बाई, तो घाट! एका अंगाला दरी, समोरून माणसं टपावर बसवलेल्या जीपा, आणि मागच्या सीटवर गाणी म्हणणारी माझी पोरं. मी ओरडले. भर रस्त्यात आईवर ओरडले, लोक जमले तरी थांबले नाही. माय शांतपणे म्हणाली, "त्यास्ना एक, मन्हा दोन. तीन डोयास्वर गाडी चाली ऱ्हायनी व्हती. एक दिन कोनले धक्का लागना का? आज तू माले गप करं."

मी अण्णांसमोर हात पुढे केला. त्यांनी खिशातून जीपची किल्ली काढून दिली. मला स्कूटीपलीकडे काही येत नाही. जीप गाड्यांच्या दुकानाच्या आवारातच ठेवली, आणि आम्ही स्टँडवर आलो.

बसमध्ये मी एक अक्षर बोलले नाही. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मलाच भीती होती. तळोद्याच्या अलीकडे मात्र एक गोष्ट डोक्यात आली. धाकट्याच्या वेळचं बाळंतपण. तो आता पाच वर्षांचा आहे. नवरा सुरतेला, आणि पहाटे कळा सुरू झाल्या. अण्णांनी मला जीपमध्ये घालून याच रस्त्यानं नंदुरबारला नेलं. माय मागे होती, माझं डोकं मांडीवर घेऊन. पुढची डावी सीट रिकामी होती.

त्या दिवशी अण्णांनी गाडी बैलगाडीसारखी चालवली, अखंड हॉर्न दाबत. मी त्यांना नाही नाही ते बोलले. मेलेय मी, हाणा ना गाडी, बाप आहात की कसाई! पुढे कित्येक दिवस मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते.

मी आवाज दाबून विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्हाला कोण सांगत होतं?"

"कोनीच नही," ते म्हणाले. त्यांनी अख्खी मान फिरवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तू शिव्या दी ऱ्हायनी व्हती ना, तवय माले बरं वाटे. पोर जित्ती शे म्हनू. तू गप बठनी का माले भ्याव वाटे. आते बी नंदुरबारपासून तू गप शे."

मी डोळे पुसले आणि त्यांना शिव्या द्यायला सुरुवात केली. अक्कलकुवा येईपर्यंत थांबले नाही.